टॅबलेट : जेवणानंतर एक

"अण्णा, तुमच्यासाठी टॅबलेट आणलीय," असं मी जाहीर केलं, तेव्हा "कशावरची?" असं खुद्द अण्णांनीच विचारलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टॅबलेट म्हटलं की माणसाला रक्तदाबच आठवायचा. जेवणाआधी की जेवणानंतर, एवढाच त्यांचा पुढचा प्रश्न होता. मी म्हटलं, "जेवणानंतर. पण ही कानाची आहे."

अण्णांचं दुखणं असं की त्यांच्याकडे ६१२ कॅसेटी आहेत. १९७९ पासून रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम त्यांनी इमानेइतबारे उतरवून घेतला. प्रत्येक कॅसेटीला नंबर, आणि त्या नंबरांची एक लाल बाइंडिंगची वही. पुढे टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला. तो पट्टा मागायला गेलो तर दुकानदाराने माझ्याकडे मी टांग्याचं चाक मागितल्यासारखं पाहिलं. मग चार वर्षांचे रविवार खर्चून मी सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. आता प्रश्न उरला तो हे सारं गाणं अण्णांच्या मांडीवर कसं ठेवायचं याचा.

मी बी. कॉम. असल्यामुळे यंत्राचं रूप पाहण्याआधी बेरीज मांडतो. कॅसेटी ६१२, म्हणजे धरून चाला सातशे तास. सीडीच्या दर्जाने, काही न दाबता ठेवायचं तर साडेचारशे जीबीच्या घरात जातं. काही न गमावता घडी घातली तर साधारण निम्मं. आणि १२८च्या एमपीथ्रीत बसवलं तर चाळीसेक जीबी. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला साधा आयपॅड मी घेतला, त्यात सर्वांत लहान माप १२८ जीबीचं. आता गंमत बघा. याच कंपनीने २००९ मध्ये तळहाताएवढा आयपॉड क्लासिक काढला होता, त्यात १६० जीबी जागा होती. २०१४ मध्ये तो बंद केला. म्हणजे सोळा वर्षांत पाटी थाळीएवढी झाली आणि वाढपी मात्र एक पोळी कमी वाढतो! वर कार्ड खुपसायला खाच नाही. साध्या आयपॅडला हेडफोनचं भोक होतं, तेही २०२२ पासून बुजवलं. अण्णांचे जुने स्पीकर जोडायचे तर बोटभर लांबीचं शेपूट वेगळं विकत घ्यावं लागतं.

पण जागेवरून यंत्राला नापास करावं असं मला वाटत नाही. मीडियम वेव्हच्या खरखरीतून कॅसेटीवर आलेलं गाणं साडेचारशे जीबीत ठेवणं म्हणजे मोडीची पासबुकं लॉकरमध्ये ठेवण्यासारखं. चाळीस जीबीत खरखरीसकट सगळं बसलं आणि वर पाहुण्यांना जागा उरली. ज्यांच्याकडे निवडक सीड्या आहेत, कान तीक्ष्ण आहेत, त्यांनी मोठ्या मापाचा घ्यावा आणि खिसा चाचपावा.

खरी गोची खतावणीत आहे. या यंत्राचं संगीताचं ॲप फाइल नुसती सरकवून आत घेत नाही. कॉम्प्युटरला जोडून रीतसर भरणा करावा लागतो. बाहेरची डिस्क लावली तर २०१९ पासून ती दिसते, त्यातलं वाजतंही, पण यादीत येत नाही. खातं उघडल्याशिवाय पैसे गल्ल्यात ठेवू देणार नाही, हा बाणा मला कारकून म्हणून आवडला. मात्र खात्याचे रकाने भलत्यांसाठी आखलेत. गायक, आल्बम, गाणं. राग कुठे लिहायचा? तबल्याला कोण? विलंबित संपून द्रुत कुठे सुरू झालं? आणि मी घाईत कुठे 'भीमसेन जोशी', कुठे 'पं. भीमसेन', कुठे 'भीमसेनजी' लिहिलं, तर यंत्राने तीन वेगळे इसम धरून तीन खाती उघडली. चूक माझीच. पण आमच्या शाखेत असं झालं असतं तर ऑडिटरने माझं काय केलं असतं! ज्यांची नावं लागली नाहीत ते सगळे 'अननोन आर्टिस्ट' या सस्पेन्स अकाउंटात गेले. त्या खात्यात सध्या शिल्लक भारी आहे. एकदा चुकून शफल दाबलं गेलं, तर भैरवीने सुरुवात होऊन पाठोपाठ यमन आला. अण्णा म्हणाले, "हे यंत्र बारशाला तेरावं घालतं."

शेवटी मी रकाने मोडीत काढले. आल्बमच्या जागी 'कॅसेट २१७', गाण्याच्या जागी 'बाजू ब'. वही अण्णांच्या उशाशी. तेव्हापासून त्यांना सगळं सापडतं.

चिरंजीवांचं मत, हा उपद्व्यापच का? महिन्याची वर्गणी भरा, दहा कोटींहून जास्त गाणी हात जोडून उभी आहेत. सौ.चाही त्याला पाठिंबा, कारण कॅसेटींचं कपाट तिला पापड-लोणच्यांसाठी हवंय. मीही डगमगलो होतो. त्याने त्याच गायकाचा बिहाग लख्ख आवाजात काढून दाखवला. अण्णांनी तो ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. आता आपला लाव. १४३, बाजू अ."

आमच्या १४३ अ मध्ये बिहाग रंगात आलेला असताना मागून आईचा आवाज येतो, "दूध झाकलंत का?" बस्, एवढंच. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

इथे मात्र यंत्र उणं पडतं. टेपरेकॉर्डरवर अण्णांना काउंटरचा आकडा पाठ होता, ३१२. इथे पंचेचाळीस मिनिटं एका वीतभर रेघेत. थरथरतं बोट केसभर सरकलं की दोन मिनिटं उडतात. कधी दुधाच्या अलीकडे, कधी पलीकडे. बोटांनी ताना घेणाऱ्यांसाठी ही सोय असेल, म्हाताऱ्या माणसासाठी नाही.

परवा मी म्हटलं, "अण्णा, तेवढाच तुकडा कापून वेगळा देतो. एक बोट लावलं की वाजेल."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "नको," म्हणाले, "बिहागातच असू दे. ती मध्येच बोलायची."