वाचा गेली, साक्ष गेली नाही

'मुका' हा शब्द आपल्या लिखाणात वापरून वापरून गुळगुळीत झालाय. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं तेव्हा त्या शब्दाला धार होती. ज्यांचं तोंड समाजानं शिवलं ते मूक. पुढं आपल्या कवींनी गावकुसाबाहेरचा जो तो माणूस मुका करून टाकला अन् स्वतः त्याचा आवाज झाले. पण डोक्यात काठी बसून ज्याची खरोखरच वाचा गेली, तो या कवितेत कुठंय?

डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथं मार बसला की शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही. काहींचं समजणंही बिघडतं, पण पुष्कळांना समोरच्याचं बोलणं कळत असतं. १८६१ साली पॅरिसात पॉल ब्रोकानं तपासलेला माणूस 'टॅन' एवढंच म्हणायचा. त्यालाही बरंच कळायचं.

केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची इजा याहून कितीतरी मोठी. २७ नोव्हेंबर १९७३ ला गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधल्या काळात त्यांच्यावर पुस्तक आलं, नाटक आलं, २०११ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सगळे त्यांच्या वतीनं बोलले. पण त्या निकालातच नोंद आहे: आवडीचे मासे मिळाले की त्या हसत, खोलीत गर्दी झाली की अस्वस्थ होऊन आवाज काढत. लेखकानं कान द्यावा तो इथं.

आता आपल्या शिंदखेड्यात या. इथली बोली अहिराणी. डोकं फुटलेल्या माणसाला मुलीचं चित्र दाखवलं, तो घाम गाळून 'आंडेर' म्हणाला, तर पुस्तकी मराठीवाला ते चूक धरील. शब्द परत आला होता, ऐकणाराच बहिरा निघाला!

कायदा आपल्या कवितेच्या पुढं गेलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचं नाव आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम १२५ प्रमाणे बोलता न येणारा साक्षीदार उघड्या कोर्टात लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. ती तोंडी साक्षच धरतात. गरजेप्रमाणे दुभाषी किंवा विशेष शिक्षक घ्यायचा, चित्रीकरण करायचं. अत्याचाराच्या केशीत डोकं फुटलेला माणूस हाच पहिला साक्षीदार. त्याला 'मुका' म्हणून बाजूला बसवलं तर आरोपीचं काम आपणच केलं.

तेव्हा दोस्तहो, त्याच्या नावानं ओळी पाडू नका. जवळ बसा. एक प्रश्न विचारा अन् थांबा. मान हलंल, बोट उठंल, एखादा शब्द येईल. तो तसाच उतरवून घ्या.