‘चरितार्थ’ आणि ‘शुश्रूषा’ : वृद्धाश्रमाच्या परिभाषेची चिकित्सा

एखाद्या प्रश्नाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्या प्रश्नासाठी त्याने घडविलेल्या परिभाषेवरून पुष्कळ अंशी कळून येते. वृद्धांच्या सांभाळाचा प्रश्न याला अपवाद नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्यासाठी संसदेने २००७ मध्ये जो अधिनियम केला, तो मराठीत ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. या अधिनियमातील शब्दयोजना वृद्धाश्रमातील सेवेची प्रत आणि सुरक्षितता यांना कितपत पुरी पडते, हे सटाण्यासारख्या बोलीभाषिक परिसराच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम ‘चरितार्थ’ हा शब्द घ्यावा. संस्कृतात त्याचा अर्थ ‘ज्याचे प्रयोजन सिद्ध झाले आहे असा’. मराठीत मात्र तो ‘उदरनिर्वाह’ या अर्थी रूढ झाला. अधिनियमाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार एवढ्यांचा समावेश होतो. ‘कल्याण’ या संज्ञेत अन्न व आरोग्यसेवेबरोबर करमणुकीची केंद्रे आणि इतर आवश्यक सोयी येतात. या सर्व पुरविण्याच्या वस्तू होत. त्या कोणत्या रीतीने पुरवावयाच्या, हे या व्याख्यांतून कळत नाही. कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान एक आणि किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारा आश्रम कल्पिते; परंतु तेथील क्रियापद ‘करील’ या अर्थाचे नसून ‘करू शकेल’ या अर्थाचे आहे. सेवेची मानके ठरविण्याचे कामही त्याच कलमाने पुढील योजनेवर सोपविले आहे. कर्तव्य आणि मुभा यांतील अंतर येथे एका क्रियारूपात सामावले आहे, हे व्याकरणाच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

१३ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांच्या संख्येची माहिती राज्यांकडून मिळविण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. संख्या कळणे आवश्यकच होते. तथापि संख्येवरून सेवेची प्रत कळत नाही. २०१९ च्या सुधारणा विधेयकात वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद सुचविली होती. पण सतराव्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही. वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे विवेचन करताना अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना, प्रक्रिया आणि फलित असे तीन स्तर सांगितले. खाटा व खोल्या रचनेत येतात; रुग्णाचे म्हणणे कोणी, केव्हा आणि कसे समजून घेतले, हे प्रक्रियेत येते. अधिनियमाच्या व्याख्यांचा भर पहिल्या स्तरावर आहे. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र बहुधा दुसऱ्या स्तरावर निर्माण होतो.

येथे सटाण्याचे उदाहरण बोलके आहे. सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठाणे. या भागात अहिराणी बोलली जाते, आणि तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा व भिल्ल समाजांची वस्ती आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांच्या भागात केला, यावरूनही प्रमाण मराठीपासूनचे तिचे अंतर ध्यानात यावे. कायद्याचे एकक जिल्हा आहे. भाषेचे एकक त्याहून लहान आहे. बागलाणातील वृद्ध जिल्ह्याच्या ठिकाणी आश्रमात गेला, तर त्याच जिल्ह्यात राहूनही तो परभाषेत जाऊन पडतो.

या अंतराचे परिणाम किती सूक्ष्म असतात, ते एका रूपावरून पाहावे. ‘हात दुखत आहे’ या अर्थी अहिराणीभाषक ‘हात दुखी ऱ्हायना’ असे म्हणतो. यातील ‘ऱ्हायना’ हे चालू क्रिया दर्शविणारे रूप आहे. ते कर्त्याच्या लिंगानुसार बदलते, म्हणून ‘कंबर दुखी ऱ्हायनी’. अनभ्यस्त कानाला मात्र ‘ऱ्हायना’मध्ये ‘राहीना’ या नकाराचा आणि ‘दुखी’मध्ये मनाच्या दुःखाचा भास होऊ शकतो. शरीराची तक्रार मनाची ठरली, किंवा होकार नकार ठरला, तर नोंदवहीत चुकीची नोंद होईल आणि पुढील उपचार त्या नोंदीवर चालेल. पडल्यानंतरचे दुखणे किंवा औषधानंतरची भोवळ वेळीच कळणे ज्या वयात प्राणांशी निगडित असते, त्या वयात ही केवळ शब्दांची चूक राहत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, बाजार, कचेरी आणि शाळा यांच्यामुळे अहिराणीभाषकांना मराठी अवगत असतेच. आक्षेपात तथ्य आहे. परंतु द्विभाषिकत्व सर्व प्रसंगी सारखे टिकत नाही. वेदनेत माणूस आईच्या बोलीकडे वळतो, आणि स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी क्षीण झाल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण येथे दुभाष्याची गरज नाही. वृद्धाचे शब्द त्याच्याच बोलीत, देवनागरीत, जसेच्या तसे टिपावेत आणि त्यापुढे त्यांचा अर्थ लिहावा; प्रत्येक पाळीत त्याची बोली जाणणारी एक तरी व्यक्ती असावी; आणि प्रवेशपत्रात ‘मातृभाषा’ या रकान्यात सवयीने ‘मराठी’ न लिहिता विचारून लिहावे. मानकांत या तीन गोष्टींचा समावेश करणे कोणत्याही आश्रमाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

१८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी खुला करणाऱ्या देवमामलेदारांची आख्यायिका सटाण्याने जपली आहे. चरितार्थाचे मोल या गावाला कोणी शिकवावयास नको. परंतु सांभाळासाठी मराठीपाशी दुसराही एक शब्द आहे. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ, आणि ‘सेवा’ हा अर्थ त्यातून विकसित झाला. वृद्धाश्रमाच्या तपासणीत खाटा मोजल्या जाव्यात, हे योग्यच आहे. त्यांवरील माणसांचे बोलणे तेथे कोणाला कळते, हा प्रश्नही त्याच तपासणीत विचारला गेला पाहिजे.