यजमान रेणू आणि औषधाचा मुक्काम : एका रूपकाची चिकित्सा

रसायनशास्त्रात 'यजमान' आणि 'पाहुणा' ही रूपके आता रुळली आहेत. १९८७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी डोनाल्ड क्रॅम यांनी आपल्या संशोधनशाखेला हेच नाव दिले होते. औषधनिर्मितीविषयीच्या मराठी लेखनात या रूपकातून सहसा एकच अर्थ काढला जातो : यजमान रेणू औषधाला पोटात सांभाळतो आणि सावकाश सोडतो. हे वर्णन सुबोध खरे, परंतु अपुरे आहे.

सायक्लोडेक्स्ट्रिन हे याचे परिचित उदाहरण. स्टार्चपासून मिळणारा हा पदार्थ १८९१ मध्ये व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने नोंदवला. ग्लुकोजचे ६, ७ किंवा ८ घटक जोडून त्याचे कडे बनते. कड्याची बाहेरची बाजू पाण्यात मिसळणारी, तर आतली पोकळी पाण्यापासून फटकून राहणारी असते. त्यामुळे पाण्यात न विरघळणारे औषध त्या पोकळीत शिरते. मात्र तेथे रासायनिक बंध नसतो. औषधाचे आत-बाहेर जाणे अखंड चालू असते, तेही बहुधा सेकंदाच्या आत. शरीरातील द्रवात मिश्रण पातळ झाले की जोडी सुटते. म्हणून साध्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा मुख्य उपयोग औषध रोखण्यासाठी नव्हे, तर विरघळवण्यासाठी होतो. बुरशीवरील इट्राकोनाझोलचे द्रवरूप औषध याच आधारावर तयार झाले.

मग विलंब साधतो कसा? एक मार्ग म्हणजे यजमानालाच पाण्यात कमी विरघळणारा करणे. जपानी संशोधकांनी एथिल गट जोडलेले सायक्लोडेक्स्ट्रिन वापरून डिल्टियाझेम या हृदयविकारावरील औषधाची गती मंद केली. दुसरा मार्ग म्हणजे अनेक कडी गुंफून जाळे विणणे. एका पोकळीतून सुटलेला रेणू शेजारच्या पोकळीत अडकतो आणि त्याचा बाहेरचा प्रवास लांबतो. म्हणजे हा विलंब एकट्या यजमानाचा नसून साऱ्या वस्तीचा असतो.

याच्या अगदी उलट उदाहरण सुगामाडेक्सचे. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेले हे सुधारित सायक्लोडेक्स्ट्रिन शस्त्रक्रियेनंतर रोक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला घट्ट कवेत घेते आणि मूत्रावाटे बाहेर नेते. येथे सोडणे अभिप्रेतच नाही.

विरघळवणे, रेंगाळवणे आणि पकडून नेणे अशा तीन भिन्न कार्यांना एकच शब्द लावला जातो, हा खरा दोष होय. मराठीतील 'यजमान' काय आणि उर्दूतील 'मेजबान' काय, दोन्ही शब्दांत आदरातिथ्य करणाऱ्याची इच्छा गृहीत आहे. रेणूला इच्छा नसते. त्यापेक्षा सराईची प्रतिमा अधिक सार्थ ठरावी. मुसाफिर केव्हाही निघू शकतो, पण वाटेत सराया दाट असतील तर मजल लांबते.

रूढ संज्ञा बदलण्याची गरज नाही. तिचे स्पष्टीकरण मात्र बदलले पाहिजे. मातृभाषेतून विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला संज्ञा हेच पहिले दार असते. पकड किती घट्ट, भोवती पाणी किती आणि यजमान किती, हे तीन प्रश्न त्या दारातच विचारले गेले, तर रूपक त्याची वाट अडवणार नाही.