झीलकरी नवे, गाणं कोणतं? शीतल साठे आणि नवयान महाजलसा

मंडळी, बिद्रीत शाहिरीची समीक्षा कशाला, असं कुणी विचारलं तर आम्ही भजनाकडे बोट दाखवू. बुवा ओळ सोडतो, टाळकरी ती उचलतात. त्यांनी नीट उचलली नाही, तर बुवा कितीही सुरेल असो, भजन पडतं. शाहिरीत हेच काम झीलकरी करतात. आजचा विषय आहे शाहीर शीतल साठे यांचं पुनरागमन, आणि तो आम्हांला झीलकऱ्यांच्या बाजूनं बघायचा आहे.

आधी हकीकत थोडक्यात. गुजरातच्या दंगलीनंतर २००२ साली पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. शीतल साठे यांचा आवाज हीच पुढे त्याची ओळख झाली. आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटानं तो आवाज महाराष्ट्राबाहेर नेला. त्याच साली मंचाच्या कलावंतांवर यूएपीएखाली गुन्हे दाखल झाले. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला, पण ते भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि त्यांचे पती सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. त्या गरोदर होत्या; जूनमध्ये उच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. सचिन माळी यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. दरम्यान जुना मंच सुटला, आणि दोघं 'नवयान महाजलसा' हे नवं पथक घेऊन लोकांपुढे आले.

आता नाव बघा. जलसा हा शब्द कोल्हापूरला परका नाही. शाहू महाराजांच्या काळात सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात भटशाही, सावकारी, शिक्षण हे विषय भरले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. पण या जलशांत बाईचं सोंग बहुतेक पुरुषच घेत. बाईचं दुःख मांडलं जाई, मांडणारी बाई नसे. शीतल साठे पथकाच्या पुढे उभ्या राहून ओळ सोडतात आणि पुरुष झीलकरी ती उचलतात, तेव्हा परंपरा तिथंच बदललेली असते. 'नव' हा शब्द आम्हांला इथं खरा वाटतो.

'महा'बद्दल मात्र आमची तक्रार आहे. फुले, शाहू, आंबेडकर ही नावं आली की सभागृह टाळ्या वाजवतं. टाळ्या नावांना असतात. गाण्याची परीक्षा राहून जाते. पथक मोठं, ध्वनिक्षेपक मोठा, आणि झीलकऱ्यांचा स्वर घोषणेसारखा एकसुरी, असं झालं की कवनातला माणूस हरवतो. याउलट त्या आईच्या कष्टांवर गातात, तेव्हा आवाज ओवीच्या जवळ येतो. तिथं कुणाचं नाव घ्यावं लागत नाही आणि ऐकणारा सुटत नाही. आमच्या मते त्यांची ताकद तिथं आहे.

नायजेरियाचे फेला कुटी १९८६ साली तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांचं पथक त्यांच्या मुलानं सांभाळून ठेवलं होतं. इथं तसं नव्हतं. ओळ तीच, पण उचलणारे नवे जमवायचे होते. ज्यांच्याबरोबर आवाज घडला, त्यांच्याशिवाय तो पुन्हा लावायचा, हे तुरुंगाइतकंच अवघड असावं; पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडं अशा कलावंताचा सत्कार होतो, मुलाखत होते, आणि शेवटी एखादं गाणं उरकलं जातं.

खटल्याचं न्यायालय बघेल. आपल्या हातात ऐकणं आहे. तेव्हा महाजलसा ऐकाल तेव्हा एवढं करा: मुख्य आवाजाबरोबर मागचे आवाजही ऐका. ते ओळ नुसती परत म्हणतात, की तिला उत्तर देतात? उत्तर देत असतील, तर जलसा पुन्हा उभा राहिला असं आपण म्हणू. नुसतं परत म्हणत असतील, तर तेही शीतलताईंना सांगायला हवं; एवढ्या मोठ्या गायिकेचा तो मानच आहे.