पोळा आणि ख्रिस्ती शेतकरी

नेवासे तालुक्यांतील घोडेगांव गुरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. अशा मुलखांत पोळा हा केवळ पंचांगांतला सण नव्हे. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या विसाव्याचा तो दिवस. या जिल्ह्यांत ख्रिस्ती शेतकऱ्यांचीं घरेंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हां ख्रिस्ती माणसानें पोळा करावा कीं नाहीं, हा प्रश्न येथें पुस्तकांतला नसून अंगणांतला आहे.

'सण म्हणजे मूर्तिपूजा, सबब वर्ज्य' असें सरसकट उत्तर देणारांनीं आपलाच इतिहास पाहावा. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें झालें; त्याची मूळ संस्था बोस्टनची. ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत हें बोस्टन आहे, तेथें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरला होता! तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. तरी नाताळची सरकारी सुटी तेथें १८५६ सालीं मिळाली. आज नाताळावांचून ख्रिस्ती घराची कल्पनाही करवत नाहीं. जो सण एकदां निषिद्ध, तोच पुढें पवित्र झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण अभंग आणि कीर्तन टाकलें नाहीं. सांचा देशी राहिला, आराध्य मात्र ख्रिस्त झाला. हाच विवेक पोळ्यासही लावतां येतो. खांदे मळणें, शिंगें रंगविणें, झूल घालणें, पुरणपोळीचा घास देणें, ही मुक्या जनावराविषयींची कृतज्ञता आहे; तींत कोणाच्या धर्मास बाध येत नाहीं. मारुतीपुढें नारळ फोडणें ही मात्र पूजा आहे; तेथें ख्रिस्ती माणसानें नम्रपणें बाजूस राहावें. पौलानेंही करिंथकरांस बाजारांतलें मांस चौकशी न करतां खाण्याची मोकळीक दिली, मूर्तींच्या पंक्तीस बसण्याची दिली नाहीं.

एवढ्यानें वाद मिटता तर बरें होतें. परंतु या जिल्ह्यांतील बहुतेक ख्रिस्ती घराणीं मूळचीं महार-मांग समाजांतलीं. गांवच्या पोळ्यांत पहिला मान पाटलाच्या बैलाचा. ज्यांच्या वाट्यास सणाची सेवा आली, सणाचा मान कधीं आला नाहीं, त्यांचे हे वंशज. त्यांनीं सण टाकला, तो केवळ धर्मशास्त्राच्या आज्ञेनें टाकला असें आम्हांस वाटत नाहीं. त्या नकारांत स्वाभिमान होता, आणि त्यास कोतेपणा म्हणणें अन्यायाचें होईल.

म्हणून आमचें मत असें कीं, ख्रिस्ती शेतकऱ्यास 'तुम्ही आमच्या सणांत कां येत नाहीं?' असें विचारण्यापूर्वीं गांवानें आपली रांग तपासावी. पूजेची सक्ती नाहीं आणि मानाची उतरंड नाहीं, असें आमंत्रण आलें, तर तें स्वीकारण्यांत ख्रिस्ती माणसाची श्रद्धा उणी होत नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करावी, ही तर त्याच्याच प्रभूची आज्ञा आहे.