वडिलांच्या नोकरीची कादंबरी

आर्थर सी. क्लार्क यांची ‘ग्लाइड पाथ’ (१९६३) ही कादंबरी मी वाचली ती वाङ्मयीन कुतूहलापोटी नव्हे, वडिलांच्या शोधात. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडार दुरुस्त करीत. ट्रंकेतील कागदांत त्यांचा हुद्दा, बदल्या, रजा सारे आहे. दिवसभर ते काय करीत, एवढेच नाही. विचारले, तर ते पानाला चुना लावीत बसत.

क्लार्क १९४१ ते १९४६ ब्रिटिश हवाई दलात होते. अमेरिकन शास्त्रज्ञ लुई आल्व्हारेझ यांच्या कल्पनेतून निघालेल्या ज्या रडारवर त्यांनी काम केले, त्याचीच ही कथा. धुक्यात सापडलेल्या विमानाची दिशा व उंची जमिनीवरची माणसे पडद्यांवर पाहात आणि वैमानिकाला रेडिओवरून बोलत बोलत धावपट्टीपर्यंत आणीत. यंत्र ऐन वेळी रुसले, तर वरचा माणूस आंधळा!

कादंबरी म्हणून पुस्तक बेताचेच. माणसांपेक्षा यंत्रे लेखकाला अधिक साधतात, आणि नायक ॲलन बिशप यंत्रापासून दूर गेला की फिका पडतो. रसिक टीकाकार यंत्रांची पाने उलटून पुढे जातील. जावोत बापडे! मी तीच दोनदा वाचली.

घरचा रेडिओ बिघडला, की तो बोलू लागेपर्यंत वडील पानावर बसत नसत. आमटी निवे, आई चिडे. त्या हट्टाचा उगम सरकारी कागदांत मिळाला नव्हता. तो या सामान्य कादंबरीत मिळाला.