‘वतन’ : एक शब्द, दोन वारसे

‘वतन’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा तेथील अर्थ जन्मभूमी असा आहे. मराठीत मात्र वंशपरंपरेने चालणारा अधिकार व त्यास जोडलेले उत्पन्न या अर्थी तो रूढ झाला. जन्मस्थानाचा वाचक शब्द जन्माने लाभणाऱ्या मिळकतीचा वाचक व्हावा, हे अर्थांतर लक्षणीय होय.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथात वतनदार व बलुतेदार यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, याची साक्षेपी मांडणी आहे. आयते खाणाऱ्यांचा हिशेब मागणारा हा ग्रंथ आजही मोलाचा वाटतो. परंतु हा हिशेब कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून केलेला आहे. तेथून पाहता पाटील व महार हे दोघेही घेणारेच दिसतात, आणि ‘वतनदार’ ही समान संज्ञा त्यांच्यातील अंतर झाकून टाकते. १८७४ च्या वतन कायद्यानेही दोघांस एकाच चौकटीत बसविले होते. वस्तुतः पाटलाच्या मुलास वारशाने मान, सत्ता व जमीन मिळे; महाराच्या मुलास तुटपुंजे इनाम, बलुत्याचे धान्य आणि त्यापोटी गावाची व सरकारची अहोरात्र चाकरी. हेच वतन गुलामीचे मूळ आहे, हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) केवळ दारिद्र्याची कहाणी म्हणून वाचणे यामुळेच अपुरे ठरते. ‘गांवगाड्या’त जो खर्चाचा रकाना आहे, तोच येथे घेणाऱ्याच्या मुखाने बोलतो. हक्क म्हणविला जाणारा वाटा मागताना पत्करावी लागणारी लाचारी हा या आत्मकथनाचा गाभा होय.

कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने व मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द मात्र व्यवहारात कायम आहे. त्यात ‘उपार्जन’ आहे; परंतु ते कोणाच्या श्रमाचे, हे तो शब्द सांगत नाही. ज्यांच्या वडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राबून चालविला, त्यांच्या वाट्यास वडिलोपार्जित असे फारसे काही आले नाही. वारशाविषयीचे मराठी साहित्य वाचताना हा अनुक्त कर्ता शोधणे, हे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.